ब्लॉक नंतर, आधी क्रँक: व्हेस्पा-एलएमएलच्या बोअर किटचं गणित

शिसाच्या तारेचा एक चपटा तुकडा माझ्या टूलबॉक्सच्या झाकणाला टेपने चिकटवलेला आहे. जाडी ०.४ मिमी. पिस्टन आणि हेडमधली फट मोजताना तो एका मित्राच्या एलएमएल एनव्हीमधून निघाला. मित्राने १७७ सीसीचं किट, म्हणजे मोठ्या बोअरचा ब्लॉक (सिलिंडर) आणि पिस्टन, मागवलं. सोबत "ताकद अजून वाढते" म्हणून कुणीतरी गळ्यात मारलेला ६० मिमी स्ट्रोकचा क्रँकही घेतला आणि दोन्ही सरळ बसवून टाकले. गाडी पहिल्या किकला सुरू झाली, बाजीराव रोडवरून छान गेली. कात्रजच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये खेचताना मात्र आतून टकटक यायला लागली. हेड उघडलं तर पिस्टनच्या डोक्यावर चंद्रकोरीएवढी जागा आरशासारखी चकचकीत झालेली. पिस्टन हेडला चाटत होता.

किट चांगलं होतं, क्रँकही चांगला होता. दोघांचं एकमेकांशी जमतं का, एवढंच कुणी पाहिलं नव्हतं.

"१७७ चं किट मिळालंय, आता क्रँक कुठला टाकू?" असा प्रश्न मला नेहमी येतो. मी म्हणतो, प्रश्न उलटा विचारा. आपल्या केसमध्ये कुठला क्रँक आहे किंवा बसू शकतो ते आधी ठरवा, मग त्याला शोभेल तो ब्लॉक घ्या. इथे मी दोन-स्ट्रोक, मोठ्या फ्रेमच्या गिअरवाल्या स्कूटरबद्दलच लिहितोय: व्हेस्पा पीएक्स, एलएमएल एनव्ही आणि तिचं कुटुंब, बजाज चेतक. अॅक्टिव्हा वगैरे चार-स्ट्रोक गाड्यांचं शास्त्र वेगळं, ते इथे नको.

घरातलं माप आधी

इंजिनाची सीसी काढायचं सूत्र शाळेतलंच आहे. ०.७८५४ गुणिले बोअर, परत बोअर, मग स्ट्रोक. बोअर म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची वरून खालपर्यंतची धाव. मापं सेंटीमीटरमध्ये घेतली की उत्तर सीसीमध्ये येतं. पीएक्स १२५ चा बोअर ५२.५ मिमी, १५० चा ५७.८, २०० चा ६६.५, स्ट्रोक मात्र तिघांचाही ५७ मिमी. म्हणून १२३.४, १४९.६ आणि १९८ सीसी. एलएमएलची १५० याच मापाची. आपली आकुर्डीची चेतक बोअरलाही ५७ आणि स्ट्रोकलाही ५७, म्हणून तिच्या आरसी बुकात १४५.४५ सीसी लिहिलेलं असतं.

आता किट. डीआर आणि पोलिनी या इटालियन कंपन्यांची प्रसिद्ध १७७ किटं ६३ मिमी बोअरची. ५७ च्या स्ट्रोकवर ती १७७.७ सीसी होतात. तोच ब्लॉक ६० च्या क्रँकवर ठेवला की १८७. पीएक्स २०० साठी ६८.५ बोअरची किटं येतात. ती ५७ वर २१० आणि ६० वर २२१ सीसी होतात. हिशोब एवढाच, पण त्यातून एक गोष्ट दिसते. १५० वरून १७७ वर जाताना २८ सीसी वाढले ते नुसत्या बोअरमुळे. त्यावर लाँग स्ट्रोक क्रँक घेतला तर अजून फक्त नऊ-सव्वानऊ सीसी मिळतात. या नऊ-सव्वानऊ सीसीसाठी अख्खं इंजिन फाडायचं, पैसे घालायचे आणि पोर्टचं, म्हणजे ब्लॉकमधल्या वायूच्या खिडक्यांचं, टायमिंग नव्याने बसवायचं, हे मला रोजच्या गाडीसाठी पटत नाही. घाट, डबलसीट, दिवाळीत गावाला जाणं, एवढंच असेल तर ५७ चा चांगला क्रँक आणि बिडाचं १७७ किट पुष्कळ झालं. ज्याला मोजमापातच मजा येते त्याने ६० कडे वळावं.

मूळ ब्लॉकलाच बोअर मारून सीसी वाढवायचा विचार बरेच जण करतात. ५७.८ चा ब्लॉक एक मिमीने वाढवून ५८.८ केला तर १५४.८ सीसी होतात, म्हणजे पाच सीसी. झिजलेला ब्लॉक वाचवायला ते ठीक आहे, ताकदीसाठी नाही. आणि जुन्या ब्लॉकमध्ये ६३ ची स्लीव्ह ठोकून देतो म्हणणाऱ्या लेथवाल्याला चहा पाजा आणि घरी या. ट्रान्सफर पोर्टच्या (ताजं मिश्रण खालून वर नेणाऱ्या वाटांच्या) भिंती तेवढं काम सहन करत नाहीत.

क्रँक हातात घेऊन काय बघायचं

दुकानदार "पीएक्सचा क्रँक" म्हणून जे देतो त्यात चार-पाच वेगळ्या वस्तू असू शकतात. म्हणून व्हर्नियर खिशात ठेवूनच दुकानात जायचं. माझीही एकदा फसगत झाली आहे. नाना पेठेतल्या एका दुकानातून खोका न उघडता क्रँक आणला, घरी येऊन बघतो तर कनेक्टिंग रॉड पाच मिमी लांब.

ही पाच मिमीची भानगड आधी समजून घ्या. पीएक्स १२५ आणि १५० चा रॉड १०५ मिमीचा, २०० चा ११० मिमीचा. हे अंतर क्रँक पिनच्या केंद्रापासून गजन पिनच्या (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) केंद्रापर्यंत मोजायचं. मोजायला दोन्ही भोकांच्या आतल्या कडांमधलं अंतर घ्या आणि त्यात दोन्ही भोकांच्या त्रिज्या मिळवा. ११० चा रॉड १५० च्या ब्लॉकखाली गेला तर पिस्टन पाच मिमी वर येऊन थेट हेडमध्ये घुसतो. काही लोक मुद्दाम ११० चा रॉड घेतात आणि ब्लॉकखाली तेवढ्या जाडीची पट्टी, म्हणजे पॅकर, घालतात. रॉड लांब असला की पिस्टन भिंतीवर कमी रेटला जातो हे खरं. पण ते जाणूनबुजून केलेलं काम असतं. खोका न उघडता केलेलं नसतं.

दुसरं गजन पिनचं माप. जुन्या इंजिनांत १५ मिमीची पिन भेटते, पीएक्सच्या पिढीत १६ ची. किटचा पिस्टन १६ चा आणि रॉडचं वरचं डोळं १५ च्या पिनच्या हिशोबाचं, असं झालं तर बुश ठोकून जुळवायचा मोह होतो. करू नका. पिन, सुई-बेअरिंगचा केज आणि रॉड एकाच कुळातले घ्या.

तिसरं फ्लायव्हीलकडचा निमुळता भाग आणि त्यावरची हाफ-मून की (फ्लायव्हील जागेवर धरणारी अर्धचंद्राकृती खीळ). पॉइंटवाल्या आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाड्यांचे क्रँक इथे फसवतात. सगळ्यांत सोपी परीक्षा म्हणजे तुमचं फ्लायव्हील सोबत न्या. कीशिवाय ते निमुळत्या भागावर दाबून बसवा आणि हलवून बघा. जराही डुललं तर तो क्रँक तुमचा नाही. आत पेन्सिलच्या शिशाचा हलका थर लावून बसवलं तर किती पृष्ठभाग टेकतोय तेही दिसतं.

चौथी गोष्ट म्हणजे क्रँकच्या चकतीचा आकार. ती इतकी महत्त्वाची आहे की तिला वेगळी जागा देतो.

चकतीच जिथे व्हॉल्व्ह असते

व्हेस्पाच्या मोठ्या इंजिनात कार्बोरेटरमधून येणारं मिश्रण सरळ क्रँकच्या चकतीवर येतं. केसमध्ये तिथे एक अतिशय गुळगुळीत, वक्र जागा आहे. मी तिला कट्टा म्हणतो. चकतीची धार आणि कट्टा यांच्यातली फट केसाएवढीही नसते, त्यात तेलाचा पातळ थर बसतो आणि त्यानेच सील होतं. चकतीचा एक भाग कापलेला असतो. तो कापलेला भाग इनलेटसमोर आला की दार उघडतं, भरीव भाग आला की बंद होतं. म्हणजे चकती कुठे, किती कापली आहे यावर इंजिनाने कधी श्वास घ्यायचा ते ठरतं.

एलएमएलच्या नंतरच्या बऱ्याच इंजिनांत रीड व्हॉल्व्ह आहे. तिथे पातळ पाकळ्याच दाराचं काम करतात, चकतीने सील करण्याची गरज उरत नाही. त्यामुळे रीडसाठी बनवलेल्या क्रँकची चकती हवी तशी कापलेली असू शकते. असा क्रँक रोटरी केसमध्ये गेला की पेट्रोल उलटं कार्बोरेटरमधून बाहेर थुंकतं आणि गाडी आयडलवर राहत नाही. रोटरीचा क्रँक रीड केसमध्ये मात्र सहसा चालून जातो. म्हणून केस उघडल्यावर पहिल्यांदा इनलेटमध्ये टॉर्च मारा. चकतीची धार दिसली तर रोटरी, पाकळ्यांचा ठोकळा दिसला तर रीड.

रोटरी असेल तर कट्ट्यावर नख फिरवा. नख अडकेल इतक्या आडव्या रेघा असतील तर कितीही महागडा क्रँक घातला तरी सील होणार नाही. तपासायची घरगुती रीत अशी: क्रँक बेअरिंगमध्ये बसवा, चकतीने इनलेट पूर्ण झाकलं जाईल असा फिरवा, चकतीच्या कडेला इंजिन ऑइल लावा आणि इनलेटमध्ये थोडं पेट्रोल ओता. दोन-तीन मिनिटांत ते जेमतेम झिरपलं तर ठीक. धारच लागली तर कट्टा गेला. मग रीडचं रूपांतर करा किंवा दुसरी केस शोधा.

आता अंश. फ्लायव्हीलच्या नटवर एक अंश-चकती बसवा. बाजारात मिळाली नाही तर कोनमापकाची मोठी प्रिंट काढून जुन्या सीडीवर चिकटवा, माझी गेली कित्येक वर्षं तीच आहे. पिस्टन नेमका सर्वांत वर, म्हणजे टीडीसीवर, कधी आहे हे डोळ्यांनी ठरवू नका. तिथे पिस्टन काही अंश जवळजवळ हलतच नाही. प्लगच्या भोकातून अडथळा लावा. पिस्टन एका बाजूने त्याला टेकेल तो आकडा घ्या, उलट फिरवून दुसऱ्या बाजूचा घ्या, दोघांचा मध्य म्हणजे टीडीसी.

मग फ्लायव्हीलकडून बघत घड्याळाच्या दिशेने सावकाश फिरवा आणि इनलेटमध्ये ०.०५ चं फिलर गेज धरा. चकतीची धार गेजला सोडते तिथे उघडलं, पकडते तिथे बंद झालं. रोजच्या १७७ ला मी टीडीसीआधी ११० ते ११५ अंशांवर उघडणं आणि टीडीसीनंतर ६० ते ६५ वर बंद होणं पसंत करतो. बंद होणं ७० च्या पुढे ढकललं की कमी आरपीएमला उलटा श्वास सुरू होतो. वर जाऊन गाडी पळेल, पण लक्ष्मी रोडवर अर्ध्या क्लचवर चालवताना रडवेल. मझुकेलीसारख्या कंपन्यांचे तयार टूरिंग क्रँक याच पट्ट्यात कापलेले मिळतात. स्वतः ग्राइंडरने चकती कापणार असाल तर एवढंच लक्षात ठेवा की बंद असताना इनलेटच्या चारी कडांना चकती निदान एक मिमी तरी झाकत राहिली पाहिजे.

५७ चा ६० केला की काय हलतं

आता त्या ०.४ मिमीच्या तुकड्याकडे परत. स्ट्रोक तीन मिमीने वाढला म्हणजे क्रँक पिन केंद्रापासून दीड मिमी लांब गेली. रॉड तोच १०५. मग पिस्टन टीडीसीला दीड मिमी वर जातो आणि बीडीसीला, म्हणजे सर्वांत खालच्या जागी, दीड मिमी खाली. मित्राच्या गाडीत ५७ वर पिस्टन आणि हेडमध्ये १.९ मिमीची फट राहिली असती, ६० वर तिची ०.४ झाली. थंड इंजिनात ०.४ हे अंतर आहे. पण गरम होऊन आरपीएम चढले, रॉड ताणला गेला, बेअरिंगमधली ढील त्यात मिळाली, वर कार्बनचा थर चढला, की ते उरत नाही.

म्हणजे दीड मिमी कुठेतरी परत द्यायचे. ते ब्लॉकखाली पॅकर घालून देता येतात किंवा हेडखाली. दोन्हीकडे फट सारखीच येते म्हणून लोकांना वाटतं की काहीही चालेल. तसं नाही, पोर्टचं टायमिंग पूर्ण बदलतं. समजा तुमच्या ब्लॉकमध्ये एक्झॉस्टची वरची कड ब्लॉकच्या माथ्यापासून ३४ मिमीवर आहे आणि ट्रान्सफरची ४६ वर, आणि ५७ च्या क्रँकवर पिस्टन माथ्याच्या बरोबरीत येतो. मी हे तिन्ही प्रकारे मांडून बघितलं. आकडे म्हणजे एका फेऱ्यात पोर्ट किती अंश उघडा राहतो ते.

५७ चा क्रँक, पॅकर नाही: एक्झॉस्ट १७४ अंश, ट्रान्सफर ११८.
६० चा क्रँक, दीड मिमी हेडखाली: एक्झॉस्ट १७६, ट्रान्सफर १२४.
६० चा क्रँक, दीड मिमी ब्लॉकखाली: एक्झॉस्ट १८१, ट्रान्सफर १३१.

हेडखाली पॅकर घातला तर एक्झॉस्ट जवळजवळ जागेवर राहतो आणि ट्रान्सफर थोडे जास्त वेळ उघडे राहतात. गाडीचा स्वभाव बदलत नाही, दम मात्र वाढतो. ब्लॉकखाली घातला की सगळंच वर सरकतं आणि ताकद वरच्या आरपीएमला जाते. एक्झॉस्ट उघडल्यापासून ट्रान्सफर उघडेपर्यंत जळालेला वायू बाहेर पडायला जी सवड मिळते, ती पहिल्या प्रकारात २८ अंश होती. ती दोन्हीकडे कमी होते, हेडखाली २६, ब्लॉकखाली २५. साध्या सायलेन्सरवर ही सवड आणि १८१ चा एक्झॉस्ट एकत्र आले की खालचा दम जातो आणि वर मिळायला हवं तेही धड मिळत नाही. साध्या किंवा साध्यासारख्या दिसणाऱ्या सायलेन्सरसाठी हेडखाली पॅकर, एक्स्पान्शन चेंबर (फुगीर रेसिंग सायलेन्सर) लावणार असाल तरच ब्लॉकखाली, असा माझा सरळ हिशोब.

प्रत्येक किटचे पोर्ट वेगळे असतात, म्हणून माझे आकडे तसेच उचलू नका. तुमच्या ब्लॉकमध्ये व्हर्नियरच्या शेपटीने दोन्ही अंतरं मोजा आणि अंश-चकतीवर पिस्टनची कड पोर्टच्या वरच्या कडेला लागते तो आकडा बघा. अर्ध्या तासाचं काम आहे.

हेडखाली पॅकर घालताना पिस्टन ब्लॉकच्या माथ्यावर दीड मिमी येतो. वरची रिंग ब्लॉकच्या आतच राहते ना, हे बघा. ब्लॉकखाली घालताना पॅकरमध्ये ट्रान्सफरच्या वाटा नीट कापलेल्या आहेत ना, हे बघा. नाहीतर आत एक पायरी तयार होते आणि वारं तिथे अडखळतं. आणि कागदी पॅकिंग दाबल्यावर बारीक होतं, हे विसरून दहाव्या-वीसाव्या मिमीचा हिशोब चुकवू नका.

कोरडी जोडणी, हीच खरी परीक्षा

कुठलंही पॅकिंग-सोल्युशन न लावता, रिंगा न घालता सगळं एकदा जोडायचं. मी हे काम घाईच्या दिवशी करत नाही.

केसचं तोंड आणि ब्लॉकच्या खालचा गळा आधी जुळतो का बघा. पीएक्स १५० च्या केसमध्ये ६३ चं किट केस न कापता बसतं. चेतकच्या आणि जुन्या व्हेस्पांच्या केसमध्ये गळ्याचं माप आणि ट्रान्सफरच्या वाटा मोजल्याशिवाय किट मागवू नका. केसमध्ये दोन वाटा आणि ब्लॉकमध्ये तीन, असं निघालं तर तिसरी आंधळी राहते. नवीन पॅकिंग ब्लॉकखाली धरा, पेन्सिलने ट्रान्सफरची रूपरेषा काढा, तेच पॅकिंग केसवर ठेवा. कुठे किती कड पुढे येते ते लगेच कळतं. पीएक्स १२५-१५० चे स्टड ७ मिमीचे आणि २०० चे ८ चे, त्यामुळे २०० चं किट "थोडं फाइल मारून" १५० वर बसवायचा प्रश्नच येत नाही.

मग पिस्टन बाण एक्झॉस्टकडे ठेवून बसवा, ब्लॉक उतरवा आणि पूर्ण फेरा हाताने फिरवा. लाँग स्ट्रोकमध्ये तीन ठिकाणी घासतं: रॉड केसच्या तोंडाला, रॉड ब्लॉकच्या गळ्याला आणि बीडीसीला पिस्टनचा स्कर्ट चकत्यांना. मुलांच्या क्लेची गोळी तिथे चिकटवून फिरवली की किती जागा उरते त्याचा ठसा मिळतो. एक मिमीपेक्षा पातळ ठसा आला तर काढून घासा. फाइल मारलेल्या जागा गोल करा आणि केस रॉकेलने तीनदा धुवा. बिडाचा किंवा अॅल्युमिनियमचा एक कण मोठ्या बेअरिंगमध्ये गेला की पुढचं सगळं वाया.

आता ती शिसाची तार. दोन मिमीची सोल्डरची तार पिस्टनच्या माथ्यावर गजन पिनच्या रेषेत दोन्ही बाजूंना, भिंतीला टेकेल अशी ग्रीसने चिकटवा. पिनच्या रेषेत अशासाठी की तिथे पिस्टन डुलत नाही, आडवी ठेवली तर आकडा खोटा येतो. हेड पूर्ण कसा, एक फेरा फिरवा, हेड काढा, तारेची टोकं मायक्रोमीटरने मोजा. बिडाच्या टूरिंग किटला मी १.२ ते १.५ मिमी ठेवतो. एकापेक्षा खाली जायचं नाही, दोनच्या वर असेल तर हेड लेथवर घासून घ्या, कारण तेवढ्या फटीत कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेटतं आणि पिस्टनची कड खाल्ली जाते.

हेडमधली जागाही एकदा बघून घ्या. समजा हेडमध्ये २२ सीसी जागा आहे. १५० वर कॉम्प्रेशन ७.८ ला एक होतं, तेच हेड १७७ वर ठेवलं की ९.१ होतं. म्हणून किटसोबत आलेलं हेड वापरा. नसेल तर प्लगच्या भोकातून इंजेक्शनच्या सिरिंजने तेल ओतून जागा मोजा.

क्रँक बसवण्याआधी

व्हेस्पाचा क्रँक दाबून जोडलेला असतो. दोन चकत्या एका पिनवर नुसत्या घट्ट बसलेल्या. ब्लॉक मोठा झाला की पिनवरचा पीळ वाढतो आणि स्वस्तातल्या क्रँकमध्ये चकत्या एकमेकींवर सरकतात. नवा क्रँकसुद्धा व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेजने तपासा, दोन्ही टोकांना ०.०३ मिमीच्या आत हवा. माझी एक सवय सांगतो. सरळ पट्टी दोन्ही चकत्यांच्या कडेवर आडवी ठेवून टोकदार सुईने एक बारीक रेघ ओढून ठेवतो. पुन्हा कधी ब्लॉक उचलला की रेघ जुळते का, ते नुसतं बघून कळतं. पिनला वेल्डिंग करून घेणारेही आहेत, पण ज्याला क्रँकचं वेल्डिंग येतं अशाकडूनच, नाहीतर उष्णतेने तो आणखी वाकडा होतो.

जुना आणि नवा पिस्टन पिन-रिंगांसकट स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. ६३ चा पिस्टन जड असतोच. फरक जितका जास्त तितका हँडलला कंप जास्त, कारण क्रँकचं संतुलन जुन्या वजनाच्या हिशोबाने केलेलं असतं. मोठ्या किटसाठी बनवलेले क्रँक इथे फायद्याचे. बेअरिंग आणि ऑइल सील दोन्ही नवीन, यात चर्चा नको. केस बंद झाल्यावर इनलेट आणि एक्झॉस्ट रबराने बंद करून सहा पीएसआय हवा भरा आणि पाच मिनिटं काटा बघा. काटा उतरला तर साबणाचं पाणी. सीझ झालेल्या दहा किटांपैकी बहुतेकांना मी जेटिंगचा, म्हणजे कार्बोरेटरच्या जेटच्या मापाचा, दोष देणारच असतो, पण फ्लायव्हीलकडचं सील हवा ओढत होतं असं निघतं.

बाकीची बिऱ्हाडं

कार्बोरेटर १५० वर २०/२० असतो, १७७ त्यावरही चालते, २४/२४ लावला तर वर मोकळी होते. काहीही असो, मेन जेट मोठ्याकडून सुरू करून खाली या. प्लग कोकणी कोकमासारखा काळपट-तपकिरी दिसला तर पहिल्या दिवसांत तक्रार करू नका. इग्निशन टीडीसीआधी १७-१८ अंशांवर स्ट्रोबने बसवा, खुणांवर विसंबू नका. क्लचच्या गिअरला एक दात जास्त घेतला तर ६३ चा ब्लॉक तो सहज ओढतो आणि ताशी ६० च्या वेगाला इंजिन शांत होतं.

एक रुक्ष गोष्ट. आरसीवर १५० सीसी लिहिलेल्या गाडीत १७७ बसवणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खालचा बदल आहे, परवानगीशिवाय केला तर कलम १८२अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. विम्याचा दावाही अडकू शकतो. हे माहीत असू द्या.

चालवायला घेताना दोन टक्के तेल, म्हणजे लिटरला २० मिली. पहिले दोनशे किलोमीटर अर्ध्या थ्रॉटलच्या आत, पण एकाच वेगाने रेटत नाही. चढावर गिअर आधीच खाली टाका, कमी आरपीएमला खेचायला लावणं नव्या रिंगांना जास्त जड जातं. पहिल्या गरम-थंडनंतर हेडचे नट फुलीच्या क्रमाने परत तपासा.

मित्राच्या एनव्हीला आम्ही हेडखाली दीड मिमीचा अॅल्युमिनियमचा पॅकर घातला, चाटलेला पिस्टन बदलला, तार परत दाबली. १.९ आली. हेड लेथवर अर्धा मिमी घासलं, १.४ झाली. पाचशे किलोमीटरनंतर ब्लॉक उचलला. पिस्टनचं डोकं सगळीकडे सारखं तपकिरी, चकत्यांवरची सुईची रेघ एका ओळीत. नवं पॅकिंग घातलं आणि परत बंद केलं.